कुशनवरून नेम: किक आणि बँक शॉटची रेषा कशी ठरवावी

पूल खेळताना समोर दिसणारा बॉल पॉकेटमध्ये घालण्याचा सराव आपण महिनोन्महिने करतो, पण पांढरा बॉल दुसऱ्या बॉलच्या आड गेला आणि सरळ रस्ता बंद झाला की बहुतेक खेळाडू डोळ्यांनी अंदाज घेऊन कुशनवर, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीवर, कुठेतरी मारतात आणि नशिबावर हवाला ठेवतात. नाइन-बॉलसारख्या खेळात हे फार महागात पडते. टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या बॉलला आधी स्पर्श झाला नाही तर फाउल होतो, प्रतिस्पर्ध्याला पांढरा बॉल हवा तिथे ठेवून खेळता येतो, आणि लागोपाठ तीन फाउल झाले तर गेमच जातो. कुशनवरून नेम धरण्याच्या पद्धती आहेत, त्या शिकता येतात आणि त्यांतले गणित शाळेतल्या प्रमाणाच्या पलीकडे जात नाही. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवी, कारण ती न कळल्यामुळे माझी स्वतःची काही वर्षे वाया गेली: कोणतीही पद्धत जी रेषा देते ती एका ठरावीक वेगाने आणि ठरावीक स्पिनने मारलेल्या बॉलचीच असते. तो फटका हातात बसलेला नसेल तर उत्तम पद्धतीही चुकीची वाटते आणि खेळाडू एक सोडून दुसरी धरत राहतो.

ज्या शॉटमध्ये पांढरा बॉल आधी कुशनला लागून मग दुसऱ्या बॉलवर जातो त्याला किक म्हणतात, आणि ज्यात पांढऱ्याने मारलेला बॉल कुशनला लागून पॉकेटकडे वळतो त्याला बँक म्हणतात. दोन्हींचे मूळ गणित एकच आहे, पण चुका निराळ्या ठिकाणी होतात, म्हणून मी त्यांचा विचार वेगवेगळा करणार आहे.

माप कुठून घ्यायचे

नऊ फुटी टेबलाचा खेळण्याचा भाग कुशनच्या धारेपासून धारेपर्यंत १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असतो. टेबलाच्या लाकडी कडेवरच्या डायमंडच्या खुणा लांब बाजूचे आठ आणि आखूड बाजूचे चार समान भाग करतात, त्यामुळे प्रत्येक भाग साडेबारा इंचांचा होतो आणि टेबलावर चौकोनांची एक अदृश्य जाळी तयार होते. टेबल लहान असले तरी लांबी-रुंदीचे दोनास एक हे प्रमाण कायम राहते, म्हणून डायमंडमध्ये मांडलेला हिशेब कोणत्याही मापाच्या टेबलावर चालतो.

आता एक बारीक गोष्ट, जी शिकवताना हमखास राहून जाते. बॉलचा व्यास सव्वादोन इंच असतो. बॉल कुशनला टेकतो तेव्हा त्याचा मध्य कुशनच्या धारेपासून अर्ध्या बॉलच्या अंतरावर, म्हणजे इंचाहून थोडा जास्त, अलीकडेच असतो. आपण रेषा आखतो ती बॉलच्या मध्याची, आणि तो मध्य कुशनच्या धारेवर कधीच पोहोचत नाही. तो वळतो ते धारेच्या अर्धा बॉल अलीकडून जाणाऱ्या एका काल्पनिक रेषेवर. या रेषेला आपण वळणरेषा म्हणू. डायमंडची खूण मात्र धारेच्या सुमारे ३.७ इंच मागे लाकडी भागावर असते. म्हणजे डायमंड आणि वळणरेषा यांच्यामध्ये सुमारे ४.८ इंचांचे अंतर पडते. बॉल ४५ अंशांत कुशनकडे चालला असेल आणि नेम खुद्द डायमंडच्या खुणेवर धरला असेल, तर तो त्या डायमंडसमोर पोहोचण्याच्या ४.८ इंच आधीच वळेल. हे अंतर दोन बॉलच्या रुंदीहून जास्त आहे. म्हणून कोणतीही पद्धत हाती आली की पहिला प्रश्न हाच विचारावा की तिचे आकडे खुणेवर वाचायचे, कुशनच्या धारेवर वाचायचे की वळणरेषेवर. याचे उत्तर ठाऊक नसताना पद्धत वापरणे म्हणजे मापाची पट्टी उलटसुलट कशीही धरून कापड कापण्यासारखे आहे.

एका कुशनची किक

पाया आरशाचा आहे. कुशनला आरसा माना, लक्ष्य बॉल जितका कुशनच्या अलीकडे आहे तितकाच पलीकडे त्याचे प्रतिबिंब आहे असे समजा, आणि पांढरा बॉल सरळ त्या प्रतिबिंबावर मारा. इथे आरसा म्हणजे वळणरेषा. धारेलाच आरसा मानले तर ४५ अंशांच्या किकमध्ये परतीची रेषा कुशनच्या दिशेने मोजता पूर्ण एका बॉलने सरकते, आणि मग बॉल अगदी जवळून निसटला, नशीब खराब, असे वाटत राहते. ती चूक नशिबाची नसते, मोजण्याची असते.

प्रत्यक्ष टेबलावर प्रतिबिंब हवेत शोधण्यापेक्षा प्रमाणाने काम करणे मला जास्त भरवशाचे वाटते. एक उदाहरण घेऊ. पांढरा बॉल कुशनच्या वळणरेषेपासून ३ डायमंड दूर आहे, लक्ष्य बॉल १ डायमंड दूर आहे आणि कुशनच्या दिशेने मोजले तर दोघांमध्ये ४ डायमंडचे अंतर आहे. दोन्ही अंतरांची बेरीज ४, त्यांतले पांढऱ्याचे ३. म्हणून कुशनलगतच्या अंतराचे तीन चतुर्थांश पांढऱ्याच्या वाट्याला जातात, म्हणजे पांढऱ्याच्या अगदी समोरच्या बिंदूपासून ३ डायमंड पुढे आणि लक्ष्याच्या समोरच्या बिंदूपासून १ डायमंड अलीकडे वळण्याची जागा येते. दोन्ही बॉल कुशनपासून सारख्याच अंतरावर असतील तर ही जागा अर्थातच मधोमध येते.

भागाकार मनात करायचा नसेल तर फुलीची युक्ती आहे. दोन्ही बॉलपासून कुशनवर सरळ काटकोनात उतरणारे दोन बिंदू नजरेत धरावेत. पांढऱ्या बॉलपासून लक्ष्याच्या बिंदूकडे एक रेषा आणि लक्ष्य बॉलपासून पांढऱ्याच्या बिंदूकडे दुसरी रेषा कल्पावी. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी समोर कुशनवर वळण्याची जागा असते. वरच्या उदाहरणात फुली बरोबर ३ डायमंडवर पडते, कागदावर आखून पाहावे. क्यू, म्हणजे खेळायची काठी, हातात धरून तो अशा रेषांवर हवेत ठेवून पाहणे नियमांत बसते, परंतु चॉकचा तुकडा खूण म्हणून कुशनवर ठेवून त्यावर नेम धरणे बसत नाही.

जागा ठरली की ती पक्की करूनच क्यूवर वाकावे. वाकल्यावर नजर पुन्हा लक्ष्य बॉलकडे वळते आणि हात नकळत त्या दिशेला ओढला जातो, हा दोष मी फार खेळाडूंमध्ये पाहिला आहे. किकमध्ये लक्ष्य बॉल जणू टेबलावर नाहीच असे समजून कुशनवरच्या एका ठिपक्यावर सरळ फटका मारायचा असतो.

आरसा कुठे चुकतो

आरशाचा नियम प्रकाशासाठी अचूक आहे, बॉलसाठी तो केवळ सुरुवात आहे. बॉल आरशाच्या हिशेबापेक्षा कुशनकडे झुकून, पसरट कोनात परतला तर त्याला लांब गेला म्हणतात, आणि कुशनपासून जास्त उभा परतला तर आखूड आला म्हणतात. हे दोन शब्द नीट ध्यानात ठेवावेत, कारण पुढची सगळी दुरुस्ती त्यांच्या भाषेत होते.

वेग वाढला की बॉल आखूड येतो. कुशनची धार बॉलच्या मध्यापेक्षा वर, बॉलच्या उंचीच्या सुमारे ६३.५ टक्क्यांवर असते. जोराने आलेला बॉल रबरात खोल रुततो आणि कुशनच्या दिशेने असलेल्या त्याच्या गतीचा काही भाग तिथेच जातो, त्यामुळे तो जास्त उभा परततो. हळू मारलेला बॉल तुलनेने लांब जातो.

घरंगळण्याचा परिणाम मात्र समोर बसून पाहण्यासारखा आहे. कापडावर घरंगळत आलेला बॉल कुशनला लागतो तेव्हा त्याची दिशा बदलते, पण त्याचे पुढे घरंगळणे लगेच थांबत नाही. परतताना क्षणभर तो कुशनपासून दूर जात असतो आणि त्याचा स्पिन मात्र त्याला कुशनकडेच ओढत असतो. एखादा पट्ट्याचा बॉल पांढऱ्याच्या जागी ठेवून मध्यम वेगाने मारावा आणि कुशनजवळ डोळे नेऊन पाहावे. परतीच्या पहिल्या काही इंचांत त्याचा मार्ग हलकेच कुशनच्या बाजूला वाकतो आणि मगच सरळ होतो. हे वाकणे म्हणजेच लांब जाणे. उलट, बॉल न घरंगळता नुसता घसरत कुशनवर पोहोचला, म्हणजे स्टन असला, तर हे वाकणे होत नाही आणि तो आखूड येतो. ड्रॉ, म्हणजे मध्याच्या खाली मारून दिलेला उलटा स्पिन, असेल तर तो त्याहूनही आखूड येतो.

साइडचा, म्हणजे बॉल मध्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे मारून दिलेल्या स्पिनचा, परिणाम सर्वांना ठाऊक असतो. बॉल कुशनवर ज्या दिशेने पुढे सरकतो आहे त्याच बाजूची साइड ही रनिंग साइड, तिने बॉल लांब जातो. विरुद्ध बाजूची साइड ही चेक साइड, तिने तो आखूड येतो. ठाऊक नसते ती गोष्ट अशी की आपण साइड न देता मारतो आहोत असे वाटत असतानाही अनेकदा थोडी साइड लागलेली असते. पद्धत शिकण्याआधी याची परीक्षा घ्यावी. पांढरा बॉल आखूड कुशनच्या मधल्या डायमंडसमोर, क्यू टेकवायला सोयीच्या अंतरावर ठेवून टेबलाच्या लांबीने सरळ समोरच्या मधल्या डायमंडवर मारावा आणि क्यू हलवू नये. बॉल परत येऊन क्यूच्या टिपला लागला तर फटका मध्यावर आहे. तो दर वेळी एकाच बाजूला निघून जात असेल तर टिप त्या बाजूला लागते आहे, आणि ती खोड सुटेपर्यंत किकच्या हिशेबात हात घालू नये.

किकसाठी मी एकच फटका ठरवून ठेवला आहे आणि नवीन शिकणाऱ्यालाही तोच सुचवतो: टिप मध्याच्या किंचित वर, साइड अजिबात नाही, क्यू आडवा, वेग मध्यम. टिप वर ठेवल्यामुळे कुशनवर पोहोचेपर्यंत बॉल खात्रीने घरंगळू लागलेला असतो, मग कुशन जवळ असो वा दूर. स्टनचा फटका आरशाला कदाचित जास्त जवळचा वाटेल, पण अंतर बदलले की स्टन टिकत नाही, अर्ध्या वाटेत बॉल घरंगळू लागतो आणि प्रत्येक शॉटला नवा हिशेब करावा लागतो. घरंगळणारा बॉल नेहमी थोडा लांब जातो, आणि जी चूक नेहमी एकाच बाजूला होते ती दुरुस्त करता येते.

ही दुरुस्ती किती करायची ते पुस्तकी आकड्यावरून ठरत नाही, ते टेबलावर मोजावे लागते. त्यासाठी एकच चाचणी पुरते. पांढरा बॉल एका कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी, बाहेरच्या बाजूला ठेवावा. समोरच्या लांब कुशनवर मधला, म्हणजे चौथा, डायमंड गाठावा, तोही वळणरेषेवर मोजून. आरशाच्या हिशेबाने बॉल आपल्याच बाजूच्या लांब कुशनच्या दुसऱ्या टोकाच्या पॉकेटकडे यायला हवा. तो पॉकेटच्या आधीच लांब कुशनला लागला तर टेबल त्या वेगाला आखूड आहे, आणि पलीकडच्या आखूड कुशनला आधी लागला तर लांब आहे. दहा फटके एकाच वेगाने मारावेत आणि बॉल कुठे लागतो ते प्रत्येक वेळी पाहावे. परतीच्या टोकाला जितका फरक दिसतो त्याच्या साधारण निम्म्याने कुशनवरची जागा सरकवावी लागते, कारण जाण्याचे आणि येण्याचे अंतर इथे सारखेच आहे. बॉल अर्धा डायमंड लांब गेला तर नेम पाव डायमंड अलीकडे घ्यावा. मग वेग कमी करून दहा, वाढवून दहा. या तीस फटक्यांतून जे कळते ते तीन महिन्यांच्या अंदाजपंचे खेळातून कळत नाही.

नवे कापड गुळगुळीत असते, बॉल कुशनवर घसरतो आणि लांब जातो. जुने, मळलेले कापड आणि दमट हवा यांनी तो आखूड येऊ लागतो. त्यामुळे आपल्या रोजच्या टेबलाची दुरुस्ती दुसऱ्या टेबलावर जशीच्या तशी नेता येत नाही.

बँक शॉट

बँकमध्ये चुकीला मिळणारा वाव निम्मा होतो, हे आधी समजून घ्यावे. किकमध्ये बॉलला नुसता स्पर्श व्हायला हवा असतो, आणि पांढऱ्याचा मध्य लक्ष्याच्या दोन्ही बाजूंना सव्वादोन इंचांपर्यंत चुकला तरी स्पर्श होतो, म्हणजे एकूण साडेचार इंचांची वाट मिळते. बँकमध्ये साडेचार इंचांच्या तोंडातून सव्वादोन इंचांचा बॉल न्यायचा असतो, म्हणजे मध्याला उरते सव्वादोन इंचांची वाट. १०० इंचांच्या मार्गावर किकला दोन्ही बाजूंना सुमारे सव्वा अंशाची चूक चालते, बँकला त्याच्या निम्मीच. म्हणून ज्याला किक बऱ्यापैकी जमते त्याला बँक आपोआप जमेलच असे नाही.

सर्वांत सोपी स्थिती अशी की लक्ष्य बॉल लांब कुशनजवळ आहे आणि समोरच्या लांब कुशनवरून आपल्याच बाजूच्या पॉकेटमध्ये आणायचा आहे. बॉलपासून पॉकेटपर्यंत किती डायमंड आहेत ते मोजावे आणि त्याच्या निम्म्यावर समोरच्या कुशनवर नेम धरावा. चार असतील तर दोन. बॉल कुशनजवळून टेबलाच्या मधोमध आला की निम्मे हे प्रमाण चालत नाही. समजा बॉल समोरच्या कुशनपासून २ डायमंड आहे आणि पॉकेट त्याच कुशनपासून ४ डायमंड आहे. प्रमाण दोनास चार, म्हणजे एकास दोन. कुशनलगत बॉल आणि पॉकेट यांच्यात ३ डायमंडचे अंतर असेल तर वळण्याची जागा बॉलच्या समोरच्या बिंदूपासून १ डायमंड आणि पॉकेटपासून २ डायमंड येते. कुशनला चिकटलेल्या बॉलला निम्मे आणि मधल्या बॉलला एक तृतीयांश, एवढी दोन टोके पाठ असली की मधल्या जागा नजरेने भरता येतात. पॉकेटचे अंतर मोजताना कोपऱ्याचा डायमंड न धरता पॉकेटच्या तोंडाचा मध्य धरावा, कारण बॉलला तिथेच पोहोचायचे असते.

वेगाबाबत बँकला माझा सल्ला किकच्या उलट आहे. जवळच्या कुशनवरची बँक थोडी कडक मारावी, म्हणजे लक्ष्य बॉल घरंगळू लागण्याआधीच कुशनवर पोहोचतो. तो आखूड येतो, पण दर वेळी तितकाच आखूड येतो. हळू मारलेल्या बँकमध्ये बॉल कुशनवर पोहोचेपर्यंत किती घरंगळला हे अंतरावर अवलंबून राहते, आणि आधीच अरुंद असलेल्या वाटेत ही आणखी एक अनिश्चितता परवडत नाही.

बँक चुकण्याचे जे कारण सर्वांत कमी खेळाडूंना ठाऊक असते ते म्हणजे कटमुळे, म्हणजे तिरक्या आघातामुळे, लक्ष्य बॉलला मिळणारी साइड. दोन बॉल तिरके आदळतात तेव्हा त्यांच्यातल्या घर्षणाने लक्ष्य बॉल थोडा फिरू लागतो. डावीकडे कट केलेल्या बॉलला उजवी साइड मिळते आणि उजवीकडे कट केलेल्याला डावी. हा स्पिन सरळ शॉटमध्ये फारसा जाणवत नाही, पण कुशनवर तो आपले काम करतो. याचा उपयोग असा करावा. पांढरा बॉल ज्या दिशेने आला त्यापेक्षा लक्ष्य बॉल अधिक पसरट कोनात कुशनकडे गेला, म्हणजे कटने कोन वाढवला, तर मिळालेली साइड चेक ठरते आणि बँक आखूड येते. पांढरा पसरट कोनात आला आणि कटने लक्ष्य बॉलला कुशनकडे जास्त उभे वळवले, म्हणजे कोन कमी केला, तर साइड रनिंग ठरते आणि बँक लांब जाते. पहिल्या प्रकारात वळण्याची जागा पॉकेटच्या बाजूला थोडी पुढे घ्यावी, दुसऱ्या प्रकारात थोडी अलीकडे. एकाच डायमंडवरून मारलेल्या दोन बँकांपैकी एक जाते आणि एक जात नाही, याचे कोडे बहुतेक वेळा इथेच सुटते.

लक्ष्य बॉल कुशनला अगदी जवळ असेल आणि कोन जवळजवळ सरळ असेल तर परतणारा बॉल पांढऱ्यावरच आपटतो. अशा वेळी पांढऱ्याला वाटेतून बाजूला नेणारा कट नसेल तर बँक घेऊ नये.

दोन आणि तीन कुशन

एका कुशनचा रस्ताही अडलेला असेल तर कोपऱ्यातून दोन कुशनने जाता येते, आणि यासाठी समांतर रेषेची पद्धत मला सर्व पद्धतींत देखणी वाटते. पांढरा बॉल आणि लक्ष्य बॉल यांच्यातला मधला बिंदू शोधावा. त्या बिंदूपासून कोपऱ्यापर्यंत रेषा कल्पावी. मग तीच रेषा समांतर ठेवून पांढऱ्या बॉलवर आणावी. नेमाची दिशा तीच.

आकड्यांत पाहू. कोपऱ्यापासून लांब कुशनच्या दिशेने ५ डायमंड आणि त्या कुशनपासून १ डायमंड अंतरावर पांढरा बॉल आहे. लक्ष्य कोपऱ्यापासून त्याच दिशेने १ डायमंड आणि लांब कुशनपासून ३ डायमंडवर आहे. मधला बिंदू ३ आणि २ वर येतो. म्हणजे तिरकेपणा असा की लांबीच्या दिशेने ३ डायमंड जाताना रुंदीच्या दिशेने २ जायचे. पांढऱ्याला लांब कुशन गाठायला रुंदीत १ डायमंड जायचे आहे, तेवढ्यात तो लांबीत दीड डायमंड सरकतो आणि कोपऱ्यापासून साडेतीन डायमंडवर वळतो. तिथून आखूड कुशनवर सुमारे २.३ डायमंडच्या उंचीवर लागतो आणि बरोबर लक्ष्यावर येतो. लागोपाठच्या दोन काटकोनी आरशांत वस्तूचे प्रतिबिंब कोपऱ्याच्या पलीकडे नेमके उलट बाजूला पडते, म्हणून हे जुळते. इथेही कोपरा म्हणजे दोन वळणरेषा जिथे मिळतात तो बिंदू, पॉकेटचा तळ नव्हे. या शॉटला मी थोडी रनिंग साइड देतो. बॉल आधीच कुशनवर फिरत सरकत असेल तर कुशनच्या घर्षणाला त्याला अडवायला फारसे काही उरत नाही, आणि कापड नवे की जुने याचा फरक कमी पडतो.

तीन कुशनसाठी कॅरम बिलियर्ड्समधून, म्हणजे पॉकेट नसलेल्या टेबलावरच्या खेळातून, आलेली पाचच्या कोपऱ्याची पद्धत पूलच्या टेबलावरही चालते. पांढरा बॉल ज्या कोपऱ्यातून निघतो त्याला ५ म्हणतात. तिथून त्याच लांब कुशनवर पलीकडच्या टोकाकडे जाताना प्रत्येक डायमंडला अर्धा कमी होतो: ४.५, ४, ३.५, ३. समोरच्या लांब कुशनवर, म्हणजे पहिल्या कुशनवर, पलीकडच्या कोपऱ्यापासून १, २, ३, ४ असे मोजतात. बॉल तिथून पलीकडच्या आखूड कुशनला लागून पुन्हा सुरुवातीच्या लांब कुशनवर येतो, तिथेही पलीकडच्या कोपऱ्यापासून १, २, ३ असे मोजतात. निघण्याच्या आकड्यातून पोहोचण्याचा आकडा वजा केला की नेमाचा आकडा मिळतो. कोपऱ्यातून, म्हणजे ५ वरून, निघून २ वर पोहोचायचे असेल तर ३ वर मारावे. या पद्धतीत पहिल्या कुशनवरचा नेम डायमंडच्या खुणेतून धरायचा असतो, आणि फटका पूर्ण रनिंग साइडचा, मध्यम वेगाचा हवा.

ही पद्धत आरशाची नाही, याची खात्री करून घ्यावी. कागदावर डायमंडची जाळी काढून ५ वरून २ वर मारलेला बॉल आरशाच्या नियमाने नेला तर तो तिसऱ्या कुशनवर ४ ला पोहोचतो. पद्धत म्हणते ३, आणि बॉल साइडसह मारला तर तो ३ च्या आसपासच येतो. साइड न देता ही वजाबाकी करणारा खेळाडू दुसऱ्याच पद्धतीचा बॉल मारत असतो.

व्यवहारात अडचण येते ती निघण्याच्या आकड्याची. पांढरा बॉल क्वचितच कुशनला टेकलेला असतो, म्हणून नेमाची रेषा मागे वाढवून ती लांब कुशनच्या कोणत्या डायमंडवरून जाते ते पाहावे लागते, आणि नेम बदलला की तो आकडाही बदलतो. समजा २ वर पोहोचायचे आहे. आधी नेम ३ वर धरून मागची रेषा पाहिली, ती ४ वर निघाली, तर ४ वजा ३ म्हणजे १, पुरेसे नाही. नेम २.५ वर सरकवला की मागची रेषा उलट दिशेने सरकून ४.२५ च्या जवळ जाईल, वजाबाकी १.७५ येईल, अजून थोडे सरकावे. दोन-तीन पावलांत वजाबाकी जुळते. या शोधात घाई करू नये.

१९९५ मध्ये एफ्रेन रेयेस यांनी अर्ल स्ट्रिकलंड यांच्याविरुद्ध दोन कुशनवरून इंग्रजी झेड अक्षरासारखी नागमोडी किक मारली, ती पूलमधल्या सर्वांत गाजलेल्या शॉटपैकी एक आहे. ती पाहताना मला त्या धाडसापेक्षा त्यामागचा वेगाचा अंदाज जास्त भावतो.

लक्ष्याची कोणती बाजू

रेषा मिळाली की ती लक्ष्याच्या मध्यावरच नेण्याची सवय सोडावी. लक्ष्य बॉल कुशनजवळ असेल तर त्याच्या कुशनकडच्या बाजूला नेम झुकवावा, कारण थोडी चूक झाली तरी पांढरा त्या कुशनवरून उसळून बॉलला लागू शकतो. दोन रस्ते सारखेच शक्य असतील तर ज्याच्या चुकीच्या बाजूला कुशन आहे तो निवडावा, ज्याच्या चुकीच्या बाजूला पॉकेट आहे तो टाळावा. आणि स्पर्शानंतर एखादा बॉल कुशनला लागला पाहिजे किंवा पॉकेटमध्ये गेला पाहिजे हे विसरू नये. फार हळू मारलेली, अगदी अचूक किकही त्यामुळे फाउल ठरते.

अनोळखी टेबलावर खेळण्याआधी पाच मिनिटे मिळाली तर मी सरळ बॉल पॉकेटमध्ये घालत बसत नाही. कोपऱ्यातून चौथ्या डायमंडवर साइड न देता तीन फटके, आणि ५ वरून ३ वर रनिंग साइडने तीन फटके मारतो. दुसऱ्या प्रकारात बॉल तिसऱ्या कुशनवर २ ला लागून पुढे चौथ्या ठिकाणी कोपऱ्याकडे जायला हवा. तो कोपऱ्याच्या कोणत्या बाजूला आणि किती चुकतो ते लक्षात ठेवतो, आणि त्या दिवसापुरती प्रत्येक वजाबाकीत तेवढी दुरुस्ती धरतो.